मंगळवारची हजेरी

बजाबाईला सही करायला शिकवली ती रत्नदीपनं. तोवर तिच्या वयाची एक्कावन्न वर्षं अंगठ्यावरच निघाली होती.

वळसंग गाव संपून माळ सुरू होतो तिथं मेंढक्यांची पंधरा-सोळा घरं आहेत. दिवाळी झाली की त्यातल्या निम्म्या घरांना कुलपं लागतात. घोड्यावर बिऱ्हाड लादून माणसं मेंढरांमागं भीमेच्या कडेला उतरतात, तोडणी झालेल्या उसाच्या रानात खतासाठी मेंढरं बसवतात आणि मृगाच्या तोंडावर माघारी येतात. असल्या माणसांना बँक कधी दारात उभी करत नसे. मॅनेजर एकच विचारायचा, "हप्ता थकला तर तुम्हाला शोधायचं कुठं?"

रत्नदीप आला तेव्हा त्यानं हा प्रश्न विचारला नाही. सोलापुरात शुक्रवार पेठेत एका अरुंद जिन्यावर त्याच्या कंपनीचं ऑफिस होतं. कंपनी लहान लहान कर्जं द्यायची, ती फक्त बायकांच्या नावावर. तारण काही नको, पण आठ बायकांचा गट पाहिजे. एकीनं हप्ता नाही भरला तर बाकीच्या सातजणींनी भरायचा, आणि दर मंगळवारी सकाळी दहाला आठही जणींनी हजर राहायचं. रत्नदीप तिशीच्या आतलाच. बापाची गिरणी बंद पडल्यावर त्याच्या आईनं अशाच एका गटातून शिलाई मशीन घेतलं होतं आणि त्या मशीनवर त्याला शिकवलं होतं. त्यामुळं तो जे सांगायचा ते तोंडपाठ केल्यासारखं वाटत नसे.

बजाबाई विधवा. नवऱ्यामागं तिनं चार शेळ्या आणि लेक सृष्टी, एवढाच संसार ओढला होता. गट जमवायचं काम तिनंच केलं, म्हणून बायकांनी तिलाच गटप्रमुख केलं. पहिल्या कर्जातून तिनं शेळ्या वाढवल्या, वर्षभरात फेड केली, आणि गावात लोक तिला ओळखायला लागले. दुकानदार आधी "ए धनगरनी" म्हणायचा, तो आता "बजाबाई, या" म्हणू लागला. सहीचा कागद समोर आला की ती पदरानं बोटं पुसायची, जीभ दाताखाली धरायची आणि एकेक अक्षर काढायची.

गटातली सातवी बाई सुंदरम्मा. ही अक्कलकोटाच्या पलीकडच्या गावातनं निंगप्पाची बायको होऊन आलेली. आली तेव्हा तिला मराठीचा एक शब्द येत नव्हता. बजाबाईनं तिला मीठ-मिरचीपासून मराठी शिकवलं. पुढं सृष्टीच्या वेळी बजाबाई बाळंतज्वरानं महिनाभर अंथरुणाला खिळली, तेव्हा सुंदरम्मानं आपल्या पोरीबरोबर सृष्टीलाही अंगावर पाजली. त्या दोघींमधली सुंदरम्माची पोर पुढं गोवरानं गेली. तेव्हापासून सुंदरम्मा सृष्टीला "नन्न मगळे" म्हणायची, माझी पोर. बजाबाईला ती अक्का म्हणायची.

निंगप्पाची साठ-पासष्ट मेंढरांची खांड होती. रत्नदीपनं मेंढरांसाठी नवं कर्ज आल्याचं सांगितलं, तेव्हा सुंदरम्मानं पन्नास हजार उचलले आणि सांगोल्याच्या बाजारातून सहा गाभण मेंढ्या आणल्या. त्यांचा विमा निघाला. डॉक्टरांनी येऊन प्रत्येकीच्या कानात पिवळा बिल्ला ठोकला. निंगप्पा लांब उभा राहून बघत होता. "मला काय बिल्ला लागत न्हाई वळकायला," तो म्हणाला. पण बायकोच्या नावावर कर्ज निघालं ह्याचं त्याला बरंही वाटलं होतं.

दिवाळी झाली. माळावरचं गवत संपलं. सुंदरम्मा मुक्कामाचं पाल शिवायला बसली, मेंढरांभोवती लावायच्या जाळ्याची भोकं सांधू लागली. आणि तेव्हाच मंगळवारच्या मिटिंगमध्ये रत्नदीपनं सांगितलं, "आता वरून नियम कडक झालाय. मिटिंगचा फोटो दर मंगळवारी वर जातो. एका बाईच्या लागोपाठ तीन गैरहजेऱ्या झाल्या की सगळा गट खालच्या वर्गात जातो. मग पुढचं कर्ज कुणालाच नाही."

"पर हप्ता धाडला तर?" सुंदरम्मानं विचारलं. "शेतवाला पैशे देतो की. मी फोनवरनं लावते."

"हप्त्याचं नाही मावशी. माणूस दिसायला पाहिजे."

बायका पांगल्यावर रत्नदीपनं गाडीला किक मारता मारता बजाबाईला थांबवलं. "मावशी, एक मार्ग आहे. जबाबदारीचा कागद असतो. ही बाई बाहेरगावी आहे, तिची जबाबदारी माझी, असं गटप्रमुखानं लिहून द्यायचं. तुम्ही सही द्या, मी चार-पाच महिने तिची हजेरी सांभाळून घेतो." त्यानं बॅगेतून कोरा कागद काढून तिच्या हातात दिला. "फक्त एक आहे. तिचं थकलं तर तुमचं मोठं कर्ज अडकेल. विचार करून द्या."

बजाबाईनं मागितलेलं मोठं कर्ज म्हणजे साठ हजार. सृष्टी बारावी झाली होती, सोलापुरात नर्सिंगला तिचा नंबर लागला होता. निम्मी फी भरली होती, उरलेली माघात भरायची होती. बजाबाईनं कागद घडी करून पेटीत लुगड्याखाली ठेवला. आठवडाभर ती तो काढून बघत होती. सुंदरम्मा बुडवणार नाही हे तिला सूर्य उगवण्याइतकं पक्कं ठाऊक होतं. पण मेंढरांचं काय सांगावं? रोग येतो, ट्रक येतो. सही करायला हात गेला की तिच्या डोळ्यांपुढं सृष्टी कॉलेजच्या पायरीवरून पिशवी घेऊन परत येताना दिसायची. ह्या कागदाबद्दल ती सुंदरम्माशी एक अक्षर बोलली नाही.

ती गेली ती वेगळंच बोलायला. सुंदरम्मा अंगणात जाळं पसरून बसली होती.

"सुंदरा, यंदा तू जाऊ नगंस."

सुंदरम्मा हसली. "मग कोकरं काय निंगप्पा पाजनार?"

"थट्टा न्हाई. तू गेलीस की सात बायकांचं अडतंय."

सुंदरम्मानं हातातली सुई जाळ्यात टोचून ठेवली. "अक्का, सव्वीस मेंढ्या गाभन हायत. मार्गशीर्षात वितील. एका येळंला तीन-तीन, चार-चार वितात. कोकराचं तोंड थानाला लावायचं, थंडीवाऱ्यात त्याला पालात घ्यायचं, ह्ये काम बाप्याचं न्हाई. तुला काय सांगू?"

"सिद्धू हाय की संगं." सिद्धू म्हणजे निंगप्पाचा धाकटा भाऊ, तिशीतला गडी.

"सिद्धू खांड वळवंल. कोकरू त्याला कळत न्हाई."

बजाबाईनं जे बोलायचं नव्हतं तेच काढलं. "सृष्टीची फी हाय गं माघात. गट खाली गेला तर पोरीचं शिक्षान जातंय."

सुंदरम्मानं तिच्याकडं बघितलं. मग जाळं गोळा करत म्हणाली, "सृष्टीसाठी म्हनतीस व्हय. आधी सांगायचं की. मग ऱ्हाते."

दोन दिवसांनी खांड निघाली. सुंदरम्मा डांबरी रस्त्यापर्यंत मेंढरांबरोबर चालत गेली. घोड्यावरचं ओझं तिनं तीनदा सोडून तीनदा बांधलं. कुठल्या मेंढीला दूध कमी येतं, कुठली आपलं कोकरू जवळ घेत नाही, हे ती निंगप्पाला सांगत होती आणि तो "व्हय, व्हय" म्हणत होता. परत आल्यावर ती घरात न जाता ओट्यावरच बसून राहिली. लग्नानंतर पहिल्यांदाच ती दिवाळीनंतर ह्या घरात राहणार होती. घर कसं झाडायचं एवढंसुद्धा तिला सुचेना.

त्या मंगळवारी, त्याच्या पुढच्या मंगळवारी, फोटोत आठही बायका होत्या. रत्नदीपला कोरा कागद परत देताना बजाबाई म्हणाली, "नगं सायब. ती हितंच ऱ्हातीया." त्यानं कागद बॅगेत ठेवला.

मार्गशीर्षाच्या मधल्या आठवड्यात आभाळ आलं. थंडीच्या दिवसात पाऊस यावा असं काही नव्हतं, पण आला, आणि वाऱ्यासकट आला. वळसंगमध्ये तुरी आडव्या झाल्या. सुंदरम्मा दर तासाला फोन लावत होती. निंगप्पा मंगळवेढ्याच्या खालच्या अंगाला नदीकाठच्या एका शिवारात होता. पहिल्या दिवशी फोन लागला. "गार लई हाय," एवढंच ऐकू आलं. दुसऱ्या दिवशी फोन बंद. तिसऱ्या दिवशी पाऊस थांबला, ऊन पडलं, आणि दुपारी अनोळखी नंबरावरून सिद्धूचा फोन आला. तो रडत होता, त्यामुळं काय म्हणतोय हे आधी कळेना.

एकवीस मेंढ्या मेल्या होत्या. ओल्या बाळंतिणी बहुतेक सगळ्या गेल्या. कोकरांची गणती कुणी केली नव्हती. रात्रंदिवस दोघं भाऊ उघड्यावर मेंढरांना उठवत होते. उठलेलं मेंढरू तगलं, बसलेलं तसंच राहिलं. पाल वाऱ्यानं फाटलं होतं. कोकरं कुणी आत घ्यायची? निंगप्पानं घोंगड्यात पाच घेतली होती, त्यातली दोन राहिली.

बजाबाईनं पहिला फोन रत्नदीपला लावला. तो हळहळला. मग म्हणाला, "विमा आहे ना मावशी, घाबरू नका. त्या सहातल्या किती गेल्या?"

"पाच."

"चोवीस तासांत कळवायला पाहिजे होतं. असू दे, बघू. पण डॉक्टरांचा दाखला लागेल आणि बिल्ला लागेल. बिल्ल्याशिवाय काही होत नाही. कान कापून बिल्ल्यासकट आणायचा असतो."

दोघी सकाळच्या एसटीनं निघाल्या. सोलापूर, तिथून मंगळवेढा, पुढं वडापची जीप. शिवारात पोचायला दुपार झाली. निंगप्पा बांधावर बसला होता. तो उठला नाही. सुंदरम्मा त्याच्याजवळ गेली नाही, आधी मेंढरांत गेली. उरलेल्या मेंढ्या अंग चोरून एकमेकींना टेकून उभ्या होत्या. थानं तटतटलेल्या दोन मेंढ्या ओरडत फिरत होत्या. सुंदरम्मानं खाली बसून त्यांना मोकळं केलं. दूध तिनं तसंच मातीत सोडलं.

मेलेल्या जनावरांचा वास सुटेल म्हणून शेतवाल्यानं जेसीबी आणून ओढ्याकाठी खड्डा काढून सगळी पुरली होती. माणूस वाईट नव्हता. त्यानं खोरी दिली, तोंडाला बांधायला फडकी दिली, आणि स्वतः मात्र लांब जाऊन उभा राहिला. "माय, कशाला उकरताय," तो दोनदा म्हणाला.

सिद्धू आणि बजाबाईनं माती ओढली. चिखल झाला होता, खोऱ्याला चिकटायचा. हातभर खाली लोकर लागली. तिथून पुढं सुंदरम्मानं खोरं घेऊ दिलं नाही, हातानं माती काढली. एकेक तोंड वर आलं की ती पदराच्या टोकानं पुसायची आणि हळू आवाजात कन्नडमध्ये काहीतरी म्हणायची. घरच्या मेंढ्या तिनं ओळखल्या. ही निंगप्पाच्या आईनं दिलेलीच्या पोटची, ही लंगडीची लेक. त्यांच्या कानात बिल्ला नव्हता, त्या कागदावर कुठंच नव्हत्या. त्यांना बाजूला सरकवून बिल्ल्याच्या मेंढ्या शोधायच्या होत्या.

चार सापडल्या. पाचवी खाली असणार, पण माती ढासळायला लागली होती. कान निंगप्पानं कापले. त्यासाठी तो बांधावरून उठून आला, कमरेचा चाकू काढला, चार वेळा खाली वाकला आणि परत जाऊन बसला. बजाबाईनं कान मिठाच्या पिशवीत घातले.

तालुक्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरनं पिशवी उघडून बघितली आणि मिटली. "बाई, शवविच्छेदन झालेलं नाही, पंचनामा नाही. कान बघून मी मरणाचं कारण कसं लिहू?" मग सुंदरम्माच्या हातांकडं बघून त्यानं एक कागद लिहून दिला. त्यावर लिहिलं होतं, मालकाच्या सांगण्यावरून. तोच शब्द पुढं विमा कंपनीनं धरला. महिन्यानं फाईल नामंजूर होऊन परत आली.

तोवर मंगळवार थांबले नव्हते. पहिल्या मंगळवारी सुंदरम्माचा हप्ता बायकांनी वर्गणी काढून भरला. कुणी तोंड वाकडं केलं नाही. दुसऱ्याही मंगळवारी भरला. तिसऱ्या मंगळवारी बिरोबाच्या देवळापुढच्या पत्र्याच्या शेडमध्ये बारा वाजले तरी पैसे पुरे होईनात. नियम असा होता की पैसे पुरे झाल्याशिवाय कुणी उठायचं नाही. गटातल्या शालनच्या पोराला ताप होता. कुणाच्या शेरड्या बांधून होत्या. शालनचा नवरा रावसाहेब रस्त्यावरून ओरडून गेला, "आज सैपाक हाय का न्हाई?"

"घोडं इकावं की," शालन शेवटी म्हणाली. "आमी किती दिस भरायचं? आमचे हाल का कमी हायत?"

सुंदरम्मा भिंतीला टेकून बसली होती. ती महिनाभरात फारसं बोलली नव्हती. आता म्हणाली, "इकते. समदं इकते. चूक माजीच हाय. मी तितं असते तर कोकरं गेली नसती, त्येंच्या आया गेल्या नसत्या. पाल धरून ठिवलं असतं. हितं फोटोत बसले." आणि रत्नदीपकडं वळून, "तुमच्या फोटोसाठी बसले, सायब."

रत्नदीपचा चेहरा उतरला. त्यालाही वरून फोन येत होते, दर दहा मिनिटांनी खिशात फोन थरथरत होता. तो चिडून बोलला नाही. पण सगळ्या बायका आपल्याकडं बघतायत ह्यानं तो गडबडला. "मावशी, मला नका बोलू. मी तेव्हाच मार्ग काढला होता. बजामावशींना कागद दिला होता, तुम्ही सही द्या, मी सुंदरम्मा मावशींची हजेरी सांभाळतो. त्यांनी आठ दिवस ठेवला आणि कोरा परत दिला. मी काय करू?"

बजाबाईला वाटलं, आत्ता काहीतरी बोलावं. सृष्टीचं नाव घ्यावं. पण ते नाव तिनं एकदा वापरलं होतं. तिनं मान वर केली तेव्हा सुंदरम्मा तिच्याकडंच बघत होती. त्या बघण्यात राग असता तर बजाबाईला सोपं गेलं असतं. काहीतरी अवघड हिशेब मनात लावताना माणूस बघतं तशी ती बघत होती. मग तिनं गळ्यातली बोरमाळ काढून शालनच्या मांडीवर ठेवली. "आजचं ह्येच्यात भागवा," म्हणाली आणि उठून गेली. त्या दिवशी नियम मोडला म्हणून तिला कुणी अडवलं नाही.

संध्याकाळी बजाबाई तिच्या दारात गेली. सुंदरम्मानं बसायला पोतं टाकलं, पाणी दिलं. "बसा," म्हणाली. "च्या घेता का तुमी?"

तेवीस वर्षांत तिनं बजाबाईला तुमी म्हटलं नव्हतं. बजाबाई पाणी पिऊन घरी आली.

निंगप्पा माघ लागताच परत आला आणि उरलेली खांड त्यानं एका व्यापाऱ्याला एकगठ्ठा विकली. व्यापारी टेम्पो घेऊन आला. मेंढरं टेम्पोत चढेनात. ती आयुष्यभर चालत आलेली. निंगप्पानं पुढची मेंढी उचलून आत ठेवली, तेव्हा बाकीची तिच्या मागं चढली. घोडं अक्कलकोटच्या बाजारात गेलं. कंपनीचं कर्ज फिटलं, शेवटच्या पैपर्यंत. रत्नदीपनं पावती दिली तेव्हा सुंदरम्मानं अंगठा उठवला. गटाचा वर्ग खाली गेला नाही. बजाबाईचे साठ हजार त्याच पंधरवड्यात मंजूर झाले, सृष्टीची फी वेळेत भरली गेली.

सृष्टीला आधी काही ठाऊक नव्हतं. मृग लागल्यावर सुट्टीला आली आणि तरीही सुंदरम्माच्या दाराला कुलूप बघून तिनं विचारलं. बजाबाईनं सांगितलं, ते लोक चिंचोळी एमआयडीसीत कामाला गेले. पोर शालनकडं जाऊन आली आणि त्यानंतर दोन दिवस आईशी बोलली नाही. जाताना म्हणाली, "मला सांगितलं असतंस तर मी एक वर्ष थांबले असते." बजाबाई भाकरी बांधून देत होती. तिनं गाठ मारली आणि पिशवी तिच्या हातात दिली.

रत्नदीपनं पावसाळ्यात नोकरी सोडली. त्याच्या जागी संघप्रिया नावाची मुलगी स्कूटीवरून येऊ लागली. दिवाळीच्या आधी तिनं एक रंगीत पत्रक आणलं. वर मेंढरांचा फोटो होता. कंपनीनं कर्जाची नवी योजना काढली होती, खास फिरत्या मेंढपाळांसाठी. आठवड्याचा हप्ता नाही. वर्षातून दोनदा, लोकर आणि बाजार बघून भरायचं. हजेरीची अट नाही. फोनवरून कळवलं तरी विमा चालेल. "मावशी, तुमच्या वस्तीत मेंढरांबरोबर जाणाऱ्या बायका आहेत ना? चार-पाच नावं द्या," संघप्रिया म्हणाली. ती चांगली पोर होती. बजाबाईनं पत्रकाची घडी घातली आणि दुसऱ्या दिवशी चिंचोळीला जाणारी बस धरली.

कंपन्यांच्या मागं पत्र्याच्या खोल्यांची रांग होती. सुंदरम्मा एका सुताच्या कारखान्यात बॉबिनी भरायला होती, निंगप्पा दुसऱ्या एका कंपनीच्या गेटवर. दोघंही घरात होती. सुंदरम्माच्या केसांत कापसाचे धागे अडकले होते. ती खोकत होती. तिनं चहा टाकला.

बजाबाईनं पत्रक पुढं केलं. एका दमात सगळं सांगितलं. हजेरी नाही, मंगळवार नाही, हप्ता वर्षातून दोनदा. "पुन्ना धा मेंढ्या घ्या. मी जामीन ऱ्हाते. आत्ता सही करते, हितंच करते."

निंगप्पानं पत्रक हातात घेतलं. फोटोतल्या मेंढरांकडं बघत म्हणाला, "ही आपल्याकडची न्हाईत. कान बघ." आणि खाली ठेवलं.

"सुंदरा," बजाबाई म्हणाली, "मी भ्याले गं तवा. तू बुडवशील म्हनून न्हाई. देवानं बुडवलं तर, म्हनून भ्याले."

"ठावं हाय."

"मग बोल की काय तरी. शिव्या दे."

सुंदरम्मानं चहा गाळला, कप तिच्यापुढं ठेवला. "शिव्या कशाला देऊ? तुमी मला इचारलं असतं, सुंदरा, सही करू का नगं, तर मीच म्हनले असते, नगा करू. पोरीचं बघा. मी माजं बघते. मग मी गेले असते मेंढरांसंगं, तुमचा गट गेला असता खाली, न्हाईतर ऱ्हायले असते माज्या मनानं." तिला खोकला आला, ती थांबली. "तुमी इचारलंच न्हाई. जिला मी अंगावर पाजलं तिचं नाव घेऊन बसवलं मला. कागद पेटीत ठिवून."

बजाबाईनं चहाला हात लावला नाही. बाहेर कुठंतरी भोंगा झाला. सुंदरम्मा उठली, भिंतीच्या खिळ्यावरचं ओळखपत्र तिनं गळ्यात घातलं, डोक्याला फडकं बांधलं. "माजी पाळी हाय. निंगप्पा तुमाला बसपतर सोडंल," म्हणाली. दारात ती घटकाभर थांबली. "सृष्टी बरी हाय न्हवं?"

"हाय."

"अब्यास करू दे तिला," ती म्हणाली आणि तशाच फडकी बांधलेल्या बायकांच्या घोळक्यात चालू लागली. लांबून ती कुठली आणि बाकीच्या कुठल्या हे बजाबाईला ओळखू येईना.

निंगप्पा थांब्यापर्यंत आला. गणवेशाचा शर्ट त्याला सैल होता. हमरस्त्यावरून ट्रक जात होते, त्यामुळं त्याला मोठ्यानं बोलावं लागलं.

"यंदा माळावर गवत कसं हाय?"

"लई हाय. गुडघ्यावर."

"कोन चारतंय?"

"कोन न्हाई. वाळून चाललंय."

निंगप्पानं मान हलवली. बस आली, बजाबाई चढली. गर्दी होती, सोलापूरपर्यंत तिला उभ्यानंच जावं लागलं.